माती गोड की खारी

सोयगाव तालुका
१८ नोव्हेंबर २०२४

उमाताई यांस कुंभाराच्या कचरूचा रामराम.

तुम्हाला मी आठवणार नाही, म्हणून आधी ओळख सांगतो. तुमचे वडील सोयगावच्या कचेरीत कारकून होते तेव्हा आपण चौथीत एका वर्गात होतो. तुम्ही पहिल्या रांगेत बसायच्या, मी खिडकीजवळ. माझा मुलगा गोकुळ शेंद्र्याला कंपनीत आहे. त्याच्या साहेबांच्या बायको तुमच्याकडं मातीचं शिकायला येतात, त्यांच्याकडून पत्ता मिळाला. तुम्ही पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि आता गॅलरीत विजेची भट्टी लावली आहे असं कळलं. दोन्ही ऐकून बरं वाटलं.

पत्र लिहितो कारण मी फोनवर बोललो की आवडा ऐकते. आवडा म्हणजे माझी बायको. तिला वाचता येत नाही.

अडचण अशी आहे. आमच्या पाझर तलावातल्या एका जागेची माती माझे आजोबा न्यायचे, वडील न्यायचे, मी नेत होतो. गेल्याच्या गेल्या साली मशीन लावून गाळ काढला, त्यात ती जागा गेली. लोकांच्या शेतात आता ती माती आहे आणि कपाशी चांगली आली आहे. मी दुसरीकडची माती घेतली. या उन्हाळ्यात बाया माठ परत घेऊन आल्या. पाणी मचूळ लागतं म्हणाल्या. माठांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं, हात लावला की पापुद्रे पडत होते.

गोकुळ म्हणतो, पाडव्याला घराला कुलूप घालून शेंद्र्याला या. मी त्याला म्हणालो, एक आवा, माठांची एक भट्टी, अजून लावून बघतो. तेही माठ परत आले तर येतो. शब्द दिला आहे.

तर नवी माती कोणती घ्यावी आणि तिच्यात काय मिसळावं, हे तुमच्या शास्त्रानं सांगता येईल का?

कचरू


छत्रपती संभाजीनगर
२५ नोव्हेंबर २०२४

कचरूभाऊ, नमस्कार.

तुम्ही मला चांगले आठवता. तुम्ही वर्गात पाटीची पेन्सिल खात होतात. गुरुजींनी कान धरून विचारले, तेव्हा तुम्ही सांगितले की सोयगावच्या दुकानापेक्षा सिल्लोडच्या दुकानातली पेन्सिल चांगली लागते. माझ्या आयुष्यात भेटलेले तुम्ही पहिले पृथक्करण करणारे शास्त्रज्ञ.

तुमचे काम करते. चार-पाच ठिकाणची माती प्रत्येकी दोन किलो, वेगवेगळ्या पिशव्यांत, एसटीने पाठवा. प्रत्येक पिशवीवर जागा लिहा. तुमच्याकडे माती चाखून निवडतात हे मला माहीत आहे, तेव्हा गोड की खारी तेही लिहा. मी तपासून जे काढीन ते तुमच्या जिभेशी ताडून पाहता येईल.

तोवर एक सुचवते. मातीत निम्मे शंखजिरे, म्हणजे टाल्क, मिसळले तर कमी आचेवर तडे जात नाहीत आणि भांडे पाणी फारसे शोषत नाही. हा शास्त्रीय मार्ग आहे. मी इथे करून पाहते.

उमा


९ डिसेंबर २०२४

उमाताईंना रामराम.

पाच पिशव्या कंडक्टरजवळ दिल्या आहेत. त्यानं विचारलं, काय आहे? मी म्हणालो, माती. त्यानं उघडून बघितली आणि म्हणाला, खरंच माती आहे की.

एक नंबर तलावाच्या मधला गाळ. दोन काठाची पिवळी. तीन नाल्याच्या वळणाची काळी, ही सगळ्यात गोड आहे. चार बांधाखालची तांबडी. पाच वारुळाची. तिसरीच घ्यावी असं माझं मत आहे. लोण्यासारखी मळली जाते.

तुम्ही लिहिलं की भांडं पाणी शोषणार नाही. ताई, माठ झिरपला नाही तर पाणी गार कसं होणार? तुमच्याकडं फ्रीज असेल म्हणून लक्षात आलं नसेल. आमच्यात राख, लीद आणि फुटक्या खापरांचा भुगा घालतात, झिरपावं म्हणूनच.

आवडा गोकुळचा शेंद्र्याचा फ्लॅट बघून आली. चार दिवस तिसऱ्या मजल्याचंच बोलते आहे. नळ फिरवला की पाणी, लिफ्टचं बटण दाबलं की वर. चाळीस वर्षं पायानं माती तुडवून तिचे गुडघे गेले आहेत, तिचं चूक नाही. तुमचा निकाल लवकर कळवा.

कचरू


२२ डिसेंबर २०२४

कचरूभाऊ,

झिरपण्याबद्दल तुमचे बरोबर. मी परीक्षेत ते लिहिले असते तर मीच मला शून्य दिले असते.

पण सोबतची चकती पाहा. तुमची चार नंबरची तांबडी माती निम्मी आणि शंखजिरे निम्मे, साडेनऊशे अंशांवर भाजले. रंग फिकट बदामी, एकही तडा नाही, टिचकी मारली की वाजते. वर्गातल्या बायका पाहतच राहिल्या. शंखजिरे मी गुलमंडीवरून आणले. दुकानदाराकडे पोत्यावर रांगोळी असे लिहिले होते, मी शंका विचारली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, वहीच है, बस नाम अलग है." रांगोळी शंखजिऱ्याचीच करतात हे मलाही माहीत होते.

चकती कागदात गुंडाळून, डब्यात घालून पाठवते आहे. माठासाठी नाही तरी पणत्या, वाडगी यांना ही माती उत्तम. क्षाराची तपासणी पुढच्या आठवड्यात.

उमा


२ जानेवारी २०२५

ताई, डबा मिळाला. चकती नाही मिळाली. डब्यात पीठ आहे.

आधी वाटलं एसटीच्या हादऱ्यानं फुटली असेल, पण फुटलं तर तुकडे होतात, पीठ होत नाही. आवडानं बोटानं चिवडून बघितलं आणि म्हणाली, "कुणाची राख धाडली का काय?" मी म्हणालो, शास्त्र आहे.

तुमच्याजवळ ती रांगोळी शिल्लक असेल तर तिच्यावर लिंबू पिळा. फसफसली तर तो संगमरवराचा भुगा आहे. तो भट्टीत चुना होतो आणि हवेची ओल लागली की भांडं आतून फुलवतो. आम्ही मातीत चुनखडा आहे का ते असंच बघतो. तुम्हाला हे सांगायला मला कसंतरी होतं.

कचरू


८ जानेवारी २०२५

कचरूभाऊ,

लिंबू पिळले. फसफसले. आम्लाची कार्बोनेटवर क्रिया, इयत्ता आठवी. हा प्रयोग मी पस्तीस वर्षांत निदान सत्तर तुकड्यांना करून दाखवला. त्याच मिश्रणातून केलेल्या वर्गातल्या बायकांच्या पंचेचाळीस वाडग्यांचे गॅलरीत पीठ पडले आहे. त्यांना मी अजून सांगितलेले नाही. ती संक्रांतीच्या वाणात द्यायची होती.

आता तुमचे. पाचही माती मी बॅटरीच्या पाण्यात, म्हणजे क्षार नसलेल्या शुद्ध पाण्यात, भिजवून, वरचे पाणी गाळून, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. क्षार असेल तर पाणी दुधासारखे होते. (निवृत्तीच्या दिवशी शाळा मला चांदीची समई देणार होती, मी ही बाटली मागून घेतली.) एक, दोन, चार आणि पाच यांचे पाणी कमीअधिक गढूळ झाले. तिसऱ्याचे ताक झाले. तीन वेळा केले, तीन वेळा ताक. वाळलेल्या गोळ्यावर पांढरे फूलही आले आहे. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही हीच वापरलीत ना?

तिसऱ्या पिशवीवर तुमच्या अक्षरात लिहिले आहे, सगळ्यात गोड.

पिशव्यांची अदलाबदल झाली म्हणावे तर बाकी चार जागेवर आहेत. जो मुलगा दोन दुकानांच्या पेन्सिली चवीवरून ओळखत होता त्याला ही माती गोड लागणे शक्य नाही. मी मास्तरीण आहे, उत्तर कुणी नुसतेच ठोकून दिले आहे ते मला कळते. काय झाले आहे?

उमा


१६ जानेवारी २०२५

उमाताई,

खरं लिहितो. मला चव येत नाही. वासही नाही. कोरोनात गेली, चार वर्षं होतील. डॉक्टर म्हणाले येईल. अजून आली नाही.

जुन्या जागेची माती होती तोवर चालून गेलं, तिथं डोळे झाकून खणलं तरी चालायचं. ती जागा गेली आणि माझी पंचाईत झाली. माती तोंडात घालतो, दाताखाली करकर कळते, चिकटपणा कळतो, पुढं काही नाही. तिसरी गोड लिहिली ती मऊ होती म्हणून; गेल्या उन्हाळ्यातली त्याच नाल्याची, पण वरच्या वळणाची होती. माझ्या वडिलांनी मला दुसरं काही ठेवलं नाही, जीभ ठेवली होती. वाईट वाटतं म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा लिहिलं तेसुद्धा यासाठीच की माझ्याऐवजी तुमच्या बाटल्यांनी चाखावं.

घरी सांगितलं तर गोकुळ पाडव्याचीसुद्धा वाट बघणार नाही. कुंभाराला मातीची चव कळत नसेल तर तो इथं बसून काय करतो, असं तो म्हणेल. 

एक मागणं आहे. तुम्ही चाखून सांगाल का?

कचरू


२४ जानेवारी २०२५

कचरूभाऊ,

प्रयोगशाळेत कोणताही पदार्थ चाखायचा नाही, ही सूचना मी फळ्याच्या वर लाल रंगाने लिहून घेतली होती. काल सकाळी चहाच्या आधी मी पाच प्रकारची माती चाखली. निरीक्षणे अशी:

एक: ओल्या भिंतीसारखी. भिंत कधी चाखलेली नाही, पण अशीच लागत असणार. दोन: किंचित तुरट. तीन: समुद्र. चार: काहीच नाही, मग थोडे लोखंड, मग पुन्हा काहीच नाही. पाच: लिहिण्यासारखे नाही, त्यात मुंग्या होत्या.

माझ्या मते चार मुख्य घ्यावी आणि चिकटपणाला एक मिसळावी. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी आणि माझ्या बाटल्या मिळून दोन किलोंबद्दल बोलू शकतो. माती नीट निवडायची तर खड्ड्यात उभे राहून हातभर इकडे, वीतभर खाली असे चाखत गेले पाहिजे. एसटीने प्रत्येक ढेकूळ इथे येऊन परत जाणार नाही.

चाळीस वर्षे तुमची माती तुडवणारी व्यक्ती घरात आहे. तिला जीभ आहे. आवडाबाईंना विचारा.

उमा


५ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुम्ही लिहिलं ते मला सुचलं नव्हतं असं नाही. भीती दुसरी आहे.

आवडाला फ्लॅट पाहिजे. गोकुळची बायको तनुजा तिला रोज फोनवर स्वयंपाकघराच्या ओट्याचं सांगते. मी तिला खड्ड्यावर नेलं आणि ती चांगल्या मातीला खारी म्हणाली, तर मला काय कळणार? मग आवाही लावायला नको, माठही परत यायला नकोत, सरळ शेंद्रा. तिनं खोटं बोलावं इतकं तिचं दुखतं आहे. तिला दोष देत नाही. पण माझी सगळी पत तिच्या जिभेवर ठेवायची म्हणजे अवघड वाटतं.

चार दिवस झाले, तलावावर एकटाच जातो आणि परत येतो.

कचरू


१९ फेब्रुवारी २०२५

उमाताईंना रामराम.

सांगितलं. तलावाच्या वाटेवर सांगितलं, तिच्याकडं न बघता.

मी म्हणालो, "आवडे, मला चव येत नाय."

ती म्हणाली, "ठाव हाय."

"कधीपासून?"

"तुम्ही दवाखान्यातून आले त्या हप्त्यापासून. मी भाजीत मीठ घालायचं इसरले व्हते. तुम्ही दोन भाकरी खाल्ल्या अन् म्हणले, झक्कास."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. हप्त्यातून एकदा बिनमिठाची करून बघत व्हते, आली का काय चव म्हणून."

ताई, चार वर्षं दर आठवड्याला ती माझी परीक्षा घेत होती आणि मी दर वेळी झक्कास म्हणत होतो. मला लाज वाटली आणि हसूही आलं. ती हसली नाही. म्हणाली, "लई वाईट वाटायचं मला. चला, खणा."

मग आम्ही सकाळपासून उन्हं डोक्यावर येईस्तोवर फिरलो. मी खणायचं, तिनं चाखायचं, थुंकायचं. खारी. खारी. ही खत लागलेली. ही बरी पर कडवट. शेवटी बांधाच्या खाली, तुमच्या चार नंबरच्या अलीकडं, कमरेएवढं खणल्यावर तिनं एक चिमूट तोंडात घातली आणि जिभेवर घोळवत राहिली. मला वाटलं, आता खारी म्हणते आणि हिशेब मिटला. तिनं थुंकलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "गोड हाय. घ्या."

दोन घमेली ती आणि एक घमेलं मधला गाळ, असं तिनंच ठरवलं. राख आणि खापराचा भुगा माझ्या हातानं. तुडवायला मी तिला उतरू दिलं नाही, मीच तुडवतो आहे. माझेही गुडघे आता बोलायला लागले आहेत. चाळीस वर्षं ती काय सोसत होती ते आठ दिवसांत कळलं.

कचरू


२१ मार्च २०२५

ताई,

आवा उघडला. नव्वद माठ चांगले निघाले, चार फुटले. रंग तांबडा, आवाज खणखणीत. पण गेल्या साली पण आव्यातून असेच देखणे निघाले होते. खरं काय ते पाणी भरल्यावर कळतं.

घरात एक भरून ठेवला आहे. पाणी गार झालं, एवढं मला कळतं. गोड आहे का विचारलं तर आवडा म्हणते आहे. आधी मला वाटायचं, फ्लॅटच्या ओढीनं ती चांगल्या मातीला खारी म्हणेल. आता वाटतं, माझं तोंड बघून तिनं खारीला गोड म्हटलं असेल. चार वर्षं जी बाई माझ्यासाठी गप्प राहिली ती हेही करू शकते. शेजारच्यांना विचारावं तर ते आवडाच्या शब्दाबाहेर नाहीत.

पाडव्याला गोकुळ येणार आहे आणि त्याच आठवड्यात बाजाराला माल न्यायचा आहे. परत आणायला लोकांच्या दारात माठ पाठवणं मला आता सोसायचं नाही. एक माठ कडब्यात बांधून एसटीनं तुमच्याकडं पाठवला आहे. पाणी भरा, तपासा, प्या आणि जे असेल ते लिहा. वाईट असेल तर वाईट लिहा. मी दिलेला शब्द पाळीन.

कचरू


२६ मार्च २०२५

कचरूभाऊ,

माठ धड पोचला. कंडक्टरने तो मांडीवर घेऊन आणला, का ते त्याने सांगितले नाही.

तीन दिवस बॅटरीचे पाणी भरून ठेवले. बाहेरून रोज पुसून पाहिले, पांढरे फूल कुठेही नाही. त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकले. ते आमच्या नळाच्या पाण्यापेक्षा स्वच्छ राहिले. मग ते ओतून पिण्याचे भरले. मी एकूण सहा पेले प्यायले आणि वर्गातल्या बायकांनाही पाजले. वाडगी फुटली एवढेच मी त्यांना सांगितले होते; रांगोळीचे खरे कारण आताच सांगितले, पाणी पीत असताना. कुणी रागावले नाही.

पाणी गोड आहे. आवडाबाई खरे बोलल्या.

तुम्ही त्यांच्या जिभेवर दोन शंका घेतल्यात, आणि दोन्ही वेळा त्यांनी फक्त माती सांगितली. खड्ड्यात उभे राहून ती एक चिमूट तोंडात असताना त्यांना पुरते माहीत होते की या उत्तराने त्यांचा फ्लॅट जातो. मला ते वाचून फार गहिवरून आले, हे लिहून ठेवते. माठ बाजारात न्या. आणि गोकुळ येण्याआधी त्यांना काय हवे आहे ते एकदा विचारा. तुमच्या सगळ्या पत्रांत ते तुम्ही विचारल्याचे कुठे आले नाही.

उमा


३ एप्रिल २०२५

उमाताई,

तुमचं पत्र आवडाला वाचून दाखवलं. आता ती सांगते आहे आणि मी लिहितो आहे. एक अक्षर माझं घातलेलं नाही.

"ताई, मला फ्लॅट पायजे. लई दिसांपासून पायजे. पर माती खारी सांगून नको. माती गोड व्हती, गोड म्हणले. फ्लॅट पायजे, हे बी खरं हाय. दोन्ही एकदमच खरं हाय, त्याला मी काय करू? मला आजवर कुणी इचारलंच नाय."

इथून पुढं मी. बाजारात साठ माठ गेले, अजून एकही परत आला नाही. पाडव्याला गोकुळ आला तेव्हा मी आपणहून म्हणालो की एवढा उन्हाळा झाला की पावसाळ्यापासून आम्ही शेंद्र्याला येतो, आणि माघ लागला की माती खणायला इथं परत. गोकुळला खरं वाटेना. त्यानं आईकडं बघितलं.

आवडा भाकरी थापत होती. तिनं हातातली तव्यावर टाकली. मग म्हणाली, "शेंद्र्याला माती कसली हाय?"

गोकुळ म्हणाला, "आई, तिथं कंपन्या हायेत. माती कोण बघतंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, मला काय कळणार. तू चाखून सांग.

कचरू